टिपणे आणि टिपण : छायाचित्र व स्फुट विचार यांच्या सहवासाविषयी

१. भूमिका

माझ्या घरी एक समूहछायाचित्र आहे. परळमधील एका कापडगिरणीच्या साचेखात्यातील सत्तावीस कामगार त्यात तीन ओळींत बसलेले व उभे आहेत. पुढच्या ओळीच्या मधोमध खुर्चीवर जॉबर आहे. त्याच्या डाव्या हाताला चौथे माझे वडील. छायाचित्र स्वच्छ आहे. सदऱ्यांच्या बटणांपासून मागच्या भिंतीच्या निखळलेल्या गिलाव्यापर्यंत सर्व काही त्यात उमटले आहे. मात्र त्याची मागची बाजू कोरी आहे. वडील हयात होते तोवर ते बोट ठेवून एकेकाचे नाव, गाव आणि पाळी सांगत असत. ते लिहून घ्यावे असे घरात कोणालाही सुचले नाही. मराठीचा अभ्यासक म्हणवणाऱ्या प्रस्तुत लेखकालाही नाही. आज त्या सत्तावीसांपैकी नऊ जणांची नावे आम्हांला सांगता येतात. उरलेले अठरा जण स्पष्ट दिसतात आणि अनोळखी आहेत.

हा अनुभव केवळ एका घरापुरता नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. त्या संपानंतर गिरणगावाचे जे विघटन होत गेले, त्यात अशी असंख्य छायाचित्रे चाळींतून, गावच्या घरांतून, पत्र्याच्या पेट्यांतून विखुरली गेली. ती पाहणाऱ्याला काही दाखवतात. सांगत मात्र फारसे नाहीत.

दुसरीकडे, छायाचित्र काढणे ही आज सर्वांच्या हातातील गोष्ट झाली आहे. आपण टिपलेली छायाचित्रे आणि त्या त्या वेळी मनात येऊन गेलेले विचार एकत्र नोंदवून ठेवावेत, अशी इच्छा अनेकांना होते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीही काहीजण अशी नोंद ठेवू लागले आहेत. ही नोंद वहीत असो वा पडद्यावर, तिच्या मुळाशी एक वाङ्मयीन प्रश्न आहे. छायाचित्र आणि स्फुट विचार यांचे एकमेकांशी नाते काय? एकाने दुसऱ्याची केवळ शोभा वाढवायची, की दोघांची कामे वेगळी आहेत? मराठी गद्याच्या परंपरेत आणि विशेषतः मुंबई शहराच्या इतिहासात या प्रश्नाच्या उत्तराला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे. ते मांडणे आणि अशी नोंद नव्याने सुरू करणाऱ्याला त्यातून काय घेता येईल ते स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची साक्ष

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. हिंदी भाषक तो ‘खींचतो’, म्हणजे ओढतो. मराठीने मात्र चित्र काढण्यासाठी जे क्रियापद वापरले तेच यंत्राने घेतलेल्या प्रतिमेलाही लावले. याच क्रियापदाने आपण विषय काढतो, दूर असलेल्या माणसाची आठवण काढतो आणि एखाद्याचे नावही काढतो. आत असलेले बाहेर आणणे हा या सर्व प्रयोगांतील समान अर्थ आहे. आमच्या घरातील छायाचित्राबाबत इतकेच म्हणता येईल की, फोटो काढला गेला, आठवण काढली गेली, पण नावे काढावयाची राहिली.

दुसरे क्रियापद ‘टिपणे’. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपले जातात आणि कॅमेरा क्षण टिपतो. या सर्व क्रियांत एक हलकेपणा आहे. जे घ्यावयाचे ते थोडे आहे आणि ते अलगद घ्यावयाचे आहे. याच क्रियापदाच्या कुळातील ‘टिपण’ हे नाम मात्र लेखनाच्या प्रांतात गेले. टिपण म्हणजे थोडक्यात केलेली नोंद. जन्माच्या नोंदीला आपण ‘जन्मटिपण’ म्हणतो, आणि वेळ व स्थळ यांवाचून जन्मटिपणाला काहीही अर्थ उरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. टिपणे ही क्रिया कॅमेऱ्याने करावी आणि टिपण लेखणीने करावे, अशी वाटणी भाषेने जणू आधीच करून ठेवली आहे.

तिसरा शब्द ‘स्फुट’. संस्कृतात त्याचा अर्थ उमललेले, उघड झालेले, स्पष्ट असा आहे. मराठीत तो सुटे, किरकोळ, एकमेकांशी न जोडलेले या अर्थाने रूढ झाला. ‘स्फुट कविता’, ‘स्फुट लेख’ असे आपण म्हणतो तेव्हा हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. चांगल्या स्फुटात दोन्ही अर्थ नांदतात: ते सुटे असते आणि त्यापुरते स्वच्छ असते. नेमके हेच वर्णन एका छायाचित्रालाही लागू पडते. ‘फोटोग्राफी’ या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ प्रकाशाने लिहिणे असा आहे. मराठीने ‘छायाचित्र’ हा शब्द स्वीकारताना प्रकाशाऐवजी छायेवर भर दिला. काहींनी ‘प्रकाशचित्र’ हा पर्याय वापरून पाहिला, पण तो तितका रुळला नाही. ‘लिहिणे’ मात्र दोन्ही शब्दांतून गळाले. त्यामुळे छायाचित्र आपण चित्रांच्या घरात ठेवले आणि त्याचे लेखनाशी असलेले नाते विचारात घेतले नाही.

३. एका शहरातील दोन प्रवाह

मराठीतील स्फुट गद्य आणि छायाचित्रण या दोन्ही गोष्टी मुंबईत जवळजवळ एकाच काळात वाढीस लागल्या. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. १०८ पत्रांचा हा समुच्चय एका सलग ग्रंथासारखा नाही. प्रसंगाने सुचलेला एकेक विचार थोडक्यात मांडावा आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विषयाकडे वळावे, अशी त्याची चाल आहे. पुढे वृत्तपत्रांतून ‘स्फुट सूचना’ यांसारखी सदरे रूढ झाली, त्यांची पूर्वतयारी येथे दिसते.

छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातील ही अशा प्रकारची पहिली संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि त्यातून शिकून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले. याच हरिश्चंद्र चिंतामणांचे भगवद्गीतेवरील इंग्रजी भाष्य १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. एकाच माणसाच्या हाती कॅमेरा आणि लेखणी दोन्ही होत्या, पण त्या दोन स्वतंत्र उद्योगांसाठी.

हे दोन प्रवाह एकत्र का आले नाहीत? पहिले कारण तांत्रिक आहे. खिळ्यांच्या छपाईबरोबर छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती. पुस्तकात छायाचित्र हवे असल्यास प्रत्यक्ष छापा काढून तो पानावर चिकटवावा लागे, आणि ते काम खर्चाचे असे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईत काढलेला ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ या पद्धतीचा होता. अशी प्रकाशने सामान्य मराठी वाचकाच्या आवाक्यातील नव्हती.

दुसरे कारण दृष्टीचे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. १८६३ या एकाच वर्षी मुंबईविषयी दोन पुस्तके निघाली. एक, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’. दुसरे, जॉन्सन यांच्या मुंबईतील जातीजमातींविषयीच्या सचित्र ग्रंथाचा लंडनला प्रसिद्ध झालेला पहिला खंड. माडगावकरांजवळ छायाचित्र नाही; शहर डोळ्यांपुढे उभे करण्याचा सर्व भार त्यांनी शब्दांवर टाकला आहे, आणि त्या शहरात राहणाऱ्याची आस्था त्यांच्या वर्णनातून जाणवते. जॉन्सन यांच्याजवळ छायाचित्रे आहेत आणि सोबत मजकूरही आहे. परंतु त्यातील माणसे नावानिशी येत नाहीत. अमुक जातीचा, अमुक धंद्याचा नमुना म्हणून येतात. काही चित्रांत तर माणसांच्या आकृती एका ठिकाणच्या आणि पाठीमागचे दृश्य दुसऱ्या ठिकाणचे, असे जोडकामही केलेले आहे. चित्राखाली मजकूर असणे म्हणजे माणसाची ओळख पटणे नव्हे, हे या ग्रंथावरून ध्यानात येते. मजकूर कोणत्या नजरेने लिहिला आहे, यावर सारे अवलंबून असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठोकळ्यांच्या साहाय्याने छायाचित्र छापणे शक्य झाले आणि नियतकालिकांचे रूप पालटले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने चित्रांना मानाचे स्थान दिले. १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. तथापि तेथेही चित्र हे बहुधा मजकुराचे अलंकरण किंवा थोर व्यक्तीचे दर्शन या स्वरूपातच राहिले.

या पार्श्वभूमीवर दादासाहेब फाळके यांचे उदाहरण वेगळे उठून दिसते. फाळके छायाचित्रकार होते, ठोकळे करणारे होते आणि त्यांनी दादरला छापखाना चालवला होता. चित्रपटाच्या मागे लागल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात झळकण्यापूर्वी, त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ त्यांनी दिवसेंदिवस थोडी थोडी टिपली. प्रत्येक दिवसाचे चित्र सुटे पाहिले तर त्यात विशेष काही नाही. आदल्या दिवशीच्या चित्राहून ते जेमतेम निराळे. ती सर्व एकापाठोपाठ पाहिली की रोप उगवताना दिसते. स्फुट लेखनाच्या सातत्याचे याहून चांगले रूपक मला ठाऊक नाही. पुढे १९१७-१८ मध्ये फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकातून आपल्या या उद्योगाची हकीकतही लिहिली. हे दोन प्रवाह एकाच माणसात इतके जवळ आले. तरी एका पानावर आले नाहीत.

४. लघुनिबंधाचा धडा

येता-जाता मनात आलेल्या विचाराला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय मराठीत लघुनिबंधाकडे जाते. ना. सी. फडके यांनी १९२६ च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकातून ‘गुजगोष्टी’ लिहिण्यास आरंभ केला, वि. स. खांडेकर ‘वैनतेय’ साप्ताहिकातून त्याच सुमारास या प्रकाराकडे वळले. मुंबईत वाढलेल्या अनंत काणेकरांचा ‘पिकली पाने’ हा संग्रह १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षुल्लक वाटणारा विषय, वाचकाशी गप्पा मारल्यासारखी भाषा आणि लेखकाच्या ‘मी’चा मोकळा वावर ही या प्रकाराची वैशिष्ट्ये सर्वपरिचित आहेत.

त्याची झालेली कुंठाही तितकीच परिचित आहे. पुढे पुढे लघुनिबंधाचा एक साचा ठरून गेला. एखाद्या साध्या वस्तूपासून सुरुवात करायची, मध्ये एक कलाटणी द्यायची आणि शेवटी जीवनाविषयी एखादे चटकदार सूत्र सांगून थांबायचे. वस्तू केवळ निमित्तमात्र उरली. छत्री, चष्मा किंवा दाराची कडी यांविषयी लिहिणाऱ्याने त्या वस्तूकडे धडपणे पाहिले आहे असे वाचकाला वाटेनासे झाले. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ने (१९४९) आणि दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) या साच्याबाहेर पडण्याची वाट दाखवली. ‘ऋतुचक्र’त चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांची निसर्गरूपे येतात. तेथे विचार आहे, व्यासंगही आहे, परंतु त्याआधी दीर्घकाळ केलेले निरीक्षण आहे. झाडाचे पान कोणत्या महिन्यात कोणत्या रंगाचे असते हे लेखिकेने पाहिले आहे, हे वाक्यावाक्यांतून कळते.

छायाचित्रासोबत लिहू पाहणाऱ्याला येथून एक इशारा मिळतो. आज लालबाग-परळ भागात हिंडणारा प्रत्येक हौशी छायाचित्रकार एक चित्र हमखास काढतो: पुढे बंद गिरणीची चिमणी आणि मागे काचेचा उत्तुंग मनोरा. त्याखाली काळाच्या महिम्याविषयी दोन ओळी लिहिल्या जातात. चित्रही ठरलेले आणि विचारही ठरलेला. लघुनिबंधाचा साचा कॅमेऱ्याने पुन्हा गिरवला, इतकेच. ती चिमणी कोणत्या गिरणीची, ती कोणत्या साली थंडावली, तिच्या भोंग्यावर कोणत्या चाळींची घड्याळे चालत, हे लिहिले असते तर त्याच छायाचित्राला वजन आले असते.

५. दोन साक्षीदार

छायाचित्र आणि शब्द यांच्या संबंधांविषयी पाश्चात्त्य विचारवंतांनी जे चिंतन केले आहे, त्यातील तीन मुद्दे येथे उपयोगी पडतात.

वॉल्टर बेन्यामिन याने १९३१ मध्ये छायाचित्रणाच्या इतिहासावर लिहिलेल्या निबंधाच्या अखेरीस, चित्राखालची ओळ हाच यापुढे छायाचित्राचा अत्यावश्यक भाग ठरणार नाही काय, असा प्रश्न उपस्थित केला. शब्दांवाचून छायाचित्र अनिश्चित राहते, असे त्याला सुचवायचे आहे. जॉन बर्जर आणि छायाचित्रकार जाँ मोर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त ग्रंथात हाच मुद्दा पुढे नेला. छायाचित्र हे काळाच्या प्रवाहातून तोडून घेतलेले असते. त्याचा पुरावा निर्विवाद, पण अर्थ दुबळा. शब्दांकडे अर्थ असतो, पण पुराव्याचे बळ नसते. दोघे एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात.

तिसरा मुद्दा रोलाँ बार्थ याच्या १९८० मधील ‘कॅमेरा ल्युसिडा’ या पुस्तकातील आहे. छायाचित्रात सर्वांना समजणारा एक सामान्य आशय असतो आणि क्वचित एखादा तपशील असा असतो की तो पाहणाऱ्यालाच टोचतो, हा त्याचा भेद प्रसिद्ध आहे. परंतु त्या पुस्तकातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. दिवंगत आईचे बालपणीचे एक छायाचित्र हा त्याच्या संपूर्ण विवेचनाचा गाभा आहे, आणि नेमके तेच छायाचित्र त्याने पुस्तकात छापलेले नाही. इतरांच्या दृष्टीने ते कुठल्याही एका मुलीचे जुने चित्र ठरेल, असे त्याला वाटते. जे टोचते ते चित्रात दिसतेच असे नाही; ते शब्दांनीच सांगावे लागते.

या तिन्ही मुद्द्यांचा मेळ घातल्यास असे म्हणता येईल की, छायाचित्र आणि स्फुट हे एकाच प्रसंगाचे दोन साक्षीदार आहेत. छायाचित्राची साक्ष डोळस आहे. काढणाऱ्याने ज्याकडे पाहिलेही नाही, तेसुद्धा ते नोंदवते. आमच्या छायाचित्रातील भिंतीचा निखळलेला गिलावा कोणी मुद्दाम टिपलेला नाही. पण ही साक्ष मुकी आहे. नाव, आवाज, वास, आधी काय झाले आणि नंतर काय झाले, यांतले काहीच तिला सांगता येत नाही. स्फुटाची साक्ष याच्या उलट आहे: ते बोलते, पण लेखकाने जेवढे पाहिले तेवढेच. दोन साक्षीदारांनी एकच वाक्य उच्चारले तर दुसऱ्याची गरज उरत नाही. म्हणून चित्रात जे दिसते तेच खाली लिहिणे व्यर्थ होय.

छायाचित्राचे हे मुकेपण काढणाऱ्याच्या बाबतीतही खरे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध होत असत. त्या चित्रांकडे कितीही निरखून पाहिले तरी ती एका स्त्रीने काढली आहेत, हे चित्र सांगू शकत नाही. पुढे त्यांना भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता मिळाली, तीही शब्दांनी झालेल्या नोंदीमुळेच.

६. नोंद ठेवणाऱ्यासाठी

वरील विवेचनाच्या आधारे, अशी नोंद ठेवू इच्छिणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत असे सुचवावेसे वाटते.

पहिले पथ्य टिपणाचे. आजचा मोबाइल छायाचित्राबरोबर दिवस व वेळ, आणि परवानगी दिल्यास स्थळही, आपोआप नोंदवून ठेवतो. त्यामुळे ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हे प्रश्न सुटले असे वाटते. तथापि छायाचित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ही माहिती पुष्कळदा गळून पडते. आणि ‘कोण’ व ‘कशासाठी’ हे प्रश्न यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहतात. तेव्हा विचार कितीही उत्कट असो, आधी दिवस, स्थळ आणि नाव लिहावे. स्थळाची नावेही बदलतात. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. फलकावर जुने नाव असलेले छायाचित्र ज्याच्याजवळ आहे, त्याने हा बदल त्याखाली नोंदवला नाही, तर आणखी एका पिढीनंतर ही दोन निरनिराळी स्थानके आहेत असा समज होणे अशक्य नाही.

दुसरे पथ्य चौकटीबाहेरचे लिहिण्याचे. दादरच्या फुलबाजारात पहाटे काढलेल्या छायाचित्राखाली झेंडूच्या राशींच्या रंगाविषयी लिहिण्याची आवश्यकता नाही. तो रंग समोर आहे. ओल्या गोणपाटाचा वास, गिऱ्हाइकाला पाहून वर चढणारा आणि ऊन वाढले की खाली येणारा भाव, फूल मोजून देणाऱ्या बाईच्या तोंडची मोजणीची लय, हे चौकटीत मावत नाही. ते लेखणीचे क्षेत्र आहे.

तिसरे पथ्य सातत्याचे. फाळक्यांच्या वाटाण्याची आठवण येथे ठेवावी. रोज नवे व विलक्षण काही शोधण्यापेक्षा ठरावीक जागा ठरावीक अंतराने टिपणे अधिक फलदायी ठरते. गिरगावातील एखाद्या वाडीच्या तोंडाशी उभे राहून दर सोमवारी एक छायाचित्र घ्यावे आणि त्या आठवड्यात तेथे काय बदलले याविषयी चार ओळी लिहाव्यात. वर्षाच्या बावन्न नोंदींपैकी चाळीस नीरस वाटतील. एखाद्या दुकानाची पाटी उतरली, कठड्यावरची तुळस दिसेनाशी झाली, इमारतीला बांबूंचे टेकू लागले, हे मात्र त्या चाळीसांशिवाय कळणार नाही.

चौथे पथ्य शेवटाविषयी. स्फुटाच्या अखेरीस तात्पर्य सांगण्याचा मोह आवरावा. लघुनिबंध ज्या ठिकाणी अडला, तेच हे ठिकाण. छायाचित्र जसे एका कडेशी थांबते, कारण न देता, तसे स्फुटालाही थांबता आले पाहिजे.

पाचवे पथ्य माणसांविषयी आहे आणि ते सर्वांत कठीण आहे. जॉन्सन यांच्या ग्रंथातील माणसे ‘नमुने’ झाली, तसे आपल्या हातून होऊ नये. फुलबाजारातील बाई, पदपथावर निजलेला हमाल, चाळीच्या गॅलरीत बसलेली वृद्धा यांचे चेहरे ‘गरिबी’ किंवा ‘जुनी मुंबई’ यांची चित्रे म्हणून वापरणे सोपे आहे. त्यांना विचारून छायाचित्र काढावे, नाव विचारावे, आणि ते सांगावयाचे नसेल तर तेही मान्य करावे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये केलेले काम, किंवा संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक, यांकडे या दृष्टीने पाहता येईल. ज्यांची छायाचित्रे काढावयाची त्यांच्यात वावरून, त्यांचे ऐकून केलेले हे काम आहे. वाटसरूच्या कॅमेऱ्याला जे साधत नाही ते अशा सहवासातून साधते.

७. समारोप

छायाचित्र आणि स्फुट विचार यांच्या संयोगाला आपण अद्याप वाङ्मयप्रकार म्हणून नाव दिलेले नाही. एका बाजूने ‘शतपत्रे’ ते ‘ऋतुचक्र’ अशी स्फुट व ललित गद्याची परंपरा आणि दुसऱ्या बाजूने १८५४ पासूनची मुंबईतील छायाचित्रणाची परंपरा, या दोहोंचा वारसा त्याला लाभलेला आहे. या प्रकाराचे मूल्यमापन करताना चित्राचे सौंदर्य आणि भाषेचे सौंदर्य यांबरोबरच, त्या दोघांनी मिळून एका प्रसंगाची साक्ष कितपत पुरी केली, हा निकष लावावा लागेल.

याला अभ्यासाबाहेरचीही एक बाजू आहे. गिरणगावात ज्यांच्या हयातीत गिरण्या चालू होत्या ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गिरणगावाचा मौखिक इतिहास त्या माणसांच्या तोंडून नोंदवला. त्याच धर्तीवर घरोघरच्या छायाचित्रांच्या मागील बाजू लिहून घेण्याचे काम महाविद्यालयांतील मराठी विभागांना सहज हाती घेता येईल. त्यासाठी निधीची फारशी गरज नाही. एक वही, एक पेन्सिल आणि समोरच्या माणसाजवळ बसण्याइतका वेळ पुरेल.

प्रस्तुत लेखकाने उशिरा का होईना, घरापासून आरंभ केला आहे. छायाचित्राच्या मागे कागद चिकटवून त्यावर एक ते सत्तावीस आकडे घातले. नऊ आकड्यांपुढे नावे लिहिली. आईला ते छायाचित्र पुन्हा दाखवले, तेव्हा तिने मधल्या ओळीतील एका तरुणावर बोट ठेवले. त्याचे नाव तिला आठवले नाही. तो दोन वर्षे आमच्या गाळ्याबाहेरच्या गॅलरीत झोपत असे आणि पावसाची सर आली की त्याची वळकटी ती आत ओढून घेई, एवढे आठवले. चौदाव्या आकड्यापुढे मी तेवढेच लिहिले आहे. नावाची जागा रिकामी ठेवली आहे.